बेचाळीस फेरे

सव्वीस. सत्तावीस. अठ्ठावीस.

लग्नात जेवणावरून रुसलेल्या व्याह्याचा एक विनोद.

तराजूच्या एका पारड्यात तांब्याच्या तारेची गुंडाळी.

"बेटा, खाचेला बेचाळीस."

जुनेदने मोबाइल फळीवर उलटा ठेवला, तरी तो थरथरतच राहिला. दिग्रसच्या मोटर वाइंडिंगवाल्यांचा ग्रुप दुपारपासून पेटला होता. पंजाबरावांच्या विहिरीवरची मोटर नवी तार भरल्यावर चार दिवसांत जळली होती, आणि सकाळीच त्यांनी तिचा व्हिडिओ गावोगाव पाठवला होता. दिग्रसात मोटर भरायला टाकू नका, असं ते त्यात ओरडून सांगत होते.

मोटर भरली होती जुनेदने. मोटरीच्या एकेका खाचेत तारेचे फेरे किती घ्यायचे, ते त्याने रिवाजाप्रमाणे ग्रुपवर विचारलं होतं, आणि बेचाळीस हे उत्तर नेहमीप्रमाणे सरदारचाचांनी दिलं होतं. चाळीस वर्षांत हाताखालून गेलेली प्रत्येक मोटर त्यांच्या वहीत होती.

"चाचाची वही आता रद्दीत घाला," ॲडमिन अब्रारने लिहिलं.

"चाचाले दिसते कुठं? चाराचे नऊ वाचतात," किसनसिंगने मागोमाग हसरे चेहरे टाकले.

"हासू नका. धंदा सगळ्यायचा बुडून राह्यला. चाचानं माफी मागावी, अन यापुढं कोणाले फेरे सांगू नये. कबूल असंल त्यानं अंगठा द्या," अब्रारने बजावलं.

अंगठे पडू लागले. सात झाले, अकरा झाले. त्यांतल्या नऊ जणांना तार धरायला चाचांनी शिकवलं होतं. चाचा ऑनलाइन दिसत होते.

मोजताना बोलायचं नाही, हा त्यांचा पहिला धडा. जुनेदच्या तार गुंडाळायच्या हातमशीनवरचा फेऱ्यांचा आकडा कधीचाच बंद होता. फेरे तोंडानेच मोजावे लागत. ती मोटर भरत असताना तिशीच्या आसपास ग्रुपवर तो व्याह्याचा विनोद वाजला. तो वाचून जुनेद पोट धरून हसला. मग उरलेले फेरे त्याने अंदाजाने घेतले, ती गुंडाळी तराजूत टाकली आणि बाकीच्या तिच्याच वजनाच्या केल्या. फेरे कमी पडले की मोटर तापते, हे त्याला कोणी सांगायला नको होतं.

त्याने मोबाइल उचलला. 'चूक माही आहे. मोजणीत गडबड झाली.' त्याने लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं.

उमेरा चहा घेऊन आली. नवऱ्याच्या खांद्यावरून तिने वाचलं.

"मग धाडा ना."

"धाडलं तर उद्या आपल्या दुकानावर कोण येईन?"

"अन चाचाच्या दुकानावर?"

मोबाइल पुन्हा थरथरला. अब्रार होता. "जुनेद, कवाचा टायपिंग दिसून राह्यला. कादंबरी लिहितं का बे? सगळ्यायचे झाले. मोटर तुहीच होती, मंग तूच काहून मागं?"

जुनेदने एकेक अक्षर मागे घेतलं. सगळी ओळ पुसून झाली तेव्हा त्याने अंगठा दिला. तो अठरावा होता.

उमेराने भरलेला कप तसाच उचलला आणि ती आत निघून गेली.

थोड्या वेळाने ग्रुपवर एक बारीक करडी ओळ उमटली. सरदारचाचा ग्रुप सोडून गेले होते.

नवव्या दिवशी किसनसिंगने एका जुन्या मोटरीचा फोटो टाकला. "हिचे फेरे कोणाले माहीत हायत का?" सतरा जणांनी पाहिला. संध्याकाळपर्यंत उत्तर आलं नाही. जुनेदनेही पाहिला आणि तो कामाला लागला.

ज्या दिवशी अंगठे पडले, त्याच सकाळी व्हिडिओ पाहून सरदारचाचा एसटीने पंजाबरावांच्या शेतावर गेले होते. जळालेली मोटर उघडून, विहिरीच्या काठावर बसून त्यांनी फेरे मोजले होते. ते अडतीस भरले होते.