बिनकामाची ओळ

सासूबाईंचा श्वास अडला की घंटा वाजवणारं यंत्र घरच्याच कंपनीचं होतं. मालक थोरले दीर, प्रोग्राम लिहिणारी धाकटी सून. श्वास मोजायचं काम सी या संगणकभाषेतल्या एका जुन्या लायब्ररीकडे, म्हणजे तयार कोडच्या संचाकडे होतं. सुनेने दुसऱ्या संगणकभाषेत घंटा वाजवणारा कोडचा तुकडा, म्हणजे फंक्शन, लिहून त्याचा पत्ता लायब्ररीला दिला होता. श्वास अडला की याला हाक मार, हे घंटा वाजवेल.

दिरांना साफसफाईचा भारी सोस, तोही दुसऱ्याच्या कामात. सगळ्या ऑफिससमोर त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "ही ओळ काय करते?"

"फंक्शनला धरून ठेवते, भाऊजी. लायब्ररीकडे नुसता पत्ता आहे. ओळ काढली तर आपल्या भाषेला वाटेल, हे फंक्शन कुणालाच नकोय. ती ते कचरा समजून काढून टाकेल, मग लायब्ररी रिकाम्या जागेला हाक मारेल आणि यंत्रच बंद पडेल."

"म्हणजे स्वतः काहीच करत नाही. घरात एक आहेच तशी, आता कोडमध्येही!"

सगळे खो-खो हसले. पगार तेच देत होते ना. दिरांनी ओळ उडवली, यंत्र लावलं, श्वास अडल्यासारखं व्हावं म्हणून त्याची नळी चिमटीत दाबली. घंटा खणखणीत वाजली.

"आत्ता वाजणारच," ती म्हणाली. "कचरा अजून काढलेला नाही. थोडा वेळ चालू ठेवा, मग बघा."

"मला शिकवू नकोस."

तिचा पासवर्ड त्याच दिवशी बंद झाला आणि नवा प्रोग्राम घरच्या यंत्रातही चढला. तेव्हापासून ती सासूबाईंच्या उशाशी बसून राहिली. या घरात 'जेवलीस का?' म्हणून विचारणारं तेवढं एकच माणूस होतं. तिला फार भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी यंत्र बघायला गिऱ्हाइकं आली.

"तू इथे ठाण मांडून बसलीस तर यंत्र कोण घेईल?" दीर दबक्या आवाजात खेकसले. "ऊठ. चहा टाक."

"भाऊजी, पाया पडते तुमच्या..."

"ऊठ म्हटलं ना!"

सासूबाईंनी तिचा हात धरला होता. दिरांनी आईची बोटं एकेक करून सोडवली आणि दार लोटून घेतलं.

बाहेरच्या खोलीत पाहुणे ऐसपैस बसले. "माणूस लागतच नाही," दीर सांगत होते. "काही झालं तर घंटा वाजेल." घंटा वाजत नव्हती, त्यामुळे सगळे खूश होते.

ती ट्रे घेऊन आली ती थेट आतच गेली. यंत्राचा पडदा काळा पडला होता. सासूबाईंचे ओठ निळे झाले होते आणि हात पलंगाबाहेर लोंबत होता. कप फुटले तसे सगळे धावत आले.

दिरांनी यंत्राकडे पाहिलं, मग गिऱ्हाइकांकडे.

"हिला बजावलं होतं," ते म्हणाले, "आईला सोडून हलू नकोस म्हणून."