रोजचं एक पान

रिपोर्टवर फक्त पूर्णिमाचं नाव होतं. प्रणवने पहिलं पान दोनदा उलटून पाहिलं. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, दोघांचा मिळून एक प्रोजेक्ट: कांद्याच्या गोदामातला दमटपणा मोजणारं यंत्र. ते शहराबाहेरच्या सिमरोल गावात उदयसिंह नावाच्या शेतकऱ्याकडे बसवलेलं होतं. यंत्र बनवणं पूर्णिमाकडे; दर आठवड्याला जाऊन नोंदी आणणं आणि रिपोर्ट लिहिणं प्रणवकडे.

तो तावातावाने कँटीनमध्ये गेला. "यार, मला एकदा विचारायचं तरी!"

पूर्णिमाने मोबाइल पुढे केला. "वाच."

सगळे त्याचेच मेसेज. आज संध्याकाळी पक्का. संडेला बसतो. उद्या सिमरोलला जातोच. बस, फायनल टच चालू आहे.

"कसला फायनल टच? एक ओळ तरी लिहिली होतीस? तू गेला नाहीस, म्हणून बॅटरी उतरल्याचं कळलं नाही. वीस दिवसांच्या नोंदी गेल्या. शेवटी मीच चकरा मारल्या. थकले मी, प्रणव."

तो काही लोळत पडला नव्हता, हेच त्याला जास्त खात होतं. रोज टेबलाशी बसायचा. टाइमटेबल रंगवायचा, फोल्डरांची नावं बदलायचा, अभ्यास कसा करावा याचे व्हिडिओ बघायचा आणि पहिली ओळ मनासारखी जमली नाही की उठायचा. मग दिवसभर स्वतःवरच चरफडायचा.

गाइड अरविंद सरांनी त्याचं रडगाणं अर्ध्यावर तोडलं. "यंत्राचे आकडे बरोबर आहेत का, हे कोणी तपासलेलं नाही. पंधरा दिवस तू साध्या मीटरने तिथला दमटपणा मोज. रोज एक पान लिहून माझ्या टेबलावर ठेव. जसं असेल तसं. नाहीतर वर्ष गेलं समज."

तरीही तो दोन दिवस उशिराच सिमरोलला पोचला. मीटर कुठला घ्यावा, हे ठरवण्यातच ते दोन दिवस गेले होते.

"भिया, आप तो परसों आने वाले थे," उदयसिंह म्हणाले. "मैं दो दिन चाबी लेके बैठा रहा."

प्रणवची मान खाली गेली. घरी जाऊन लिहू म्हटलं तर काय होईल, हे त्याला पुरतं माहीत होतं. तो तिथेच एका पोत्यावर बसला आणि त्याने लिहिलं: 'सडक्या कांद्याचा वास येतोय. मीटर ७८ दाखवतो, यंत्र ७१. का, ते माहीत नाही.' इतकं भिकार वाक्य आपण सरांना देणार, या विचाराने त्याला कागद फाडावासा वाटला. पण त्याने तो दिला.

सरांनी दोन चुकांवर लाल खुणा केल्या. "उद्याचं कधी?"

उरलेल्या बारा दिवसांत एकदा त्याने पुन्हा दांडी मारली आणि शिव्या खाल्ल्या. बाकीची अकरा पानं झाली. यंत्र रोजच सहा-सात अंकांनी कमी दाखवत होतं. ते झरोक्याच्या अगदी तोंडाशी टांगलेलं होतं, कोरड्या वाऱ्यात.

त्याने पूर्णिमाला सांगितलं तेव्हा ती भडकलीच. "म्हणजे माझे सगळे निष्कर्ष चुकीचे? हे तू सुरुवातीलाच गेला असतास तर तेव्हाच कळलं असतं ना!"

"हो," प्रणव म्हणाला. "कळलं असतं."

मग तिने लॅपटॉप उघडला. "बस इथे. तारीखवार आकडे सांग."

प्रणवने खुर्ची ओढली आणि पहिली तारीख वाचली.