चौदा जणांनी उघडलेली फाईल

ती डायलिसिस विभागात परिचारिका होती. गेल्या वर्षी तिचं मूल पोटातच गेलं आणि तिची झोप उडाली. ती आपल्याच हॉस्पिटलातल्या मानसोपचार डॉक्टरांकडे जायला लागली. हे नवऱ्याशिवाय कुणालाही ठाऊक नव्हतं. म्हणूनच एका रविवारी भाजी निवडता निवडता जाऊबाईंनी, "त्या गोळ्या अजून चालूच आहेत का गं?" असं विचारलं, तेव्हा तिचे हात थांबले.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"आमच्या सोसायटीतल्या एकीने. तुमच्याच एक्स-रे विभागात आहे ना ती."

एक्स-रेवाली म्हणजे तिची मैत्रीण. नऊ वर्षं दोघी एका डब्यात जेवत होत्या.

सोमवारी तिने रेकॉर्ड विभागात अर्ज दिला : माझी फाईल कॉम्प्युटरवर कुणी कुणी उघडली ते सांगा. तिसऱ्या दिवशी यादी हातात पडली. चौदा नावं. त्यातल्या तिघांचाच तिच्या उपचाराशी संबंध होता. बाकीचे अकरा जण नुसतेच डोकावून गेले होते.

"तू गप्प गप्प असायचीस, काळजी वाटली म्हणून पाहिलं," मैत्रीण म्हणाली.

"मला विचारायला तुला तोंड नव्हतं? आणि माझ्या जावेला सांगितलंस ते कुणाच्या काळजीने?"

मैत्रिणीने आपला डबा बंद केला आणि ती उठून गेली.

ती तक्रार घेऊन गेली तेव्हा हॉस्पिटलच्या अधीक्षकांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. "घरातली गोष्ट आहे बाई. घरातच मिटवू."

"घरातलीच होती साहेब. इथल्या लोकांनी चव्हाट्यावर मांडली. गोपनीयतेच्या नियमांवर दरवर्षी आपण सगळे सह्या करतो, त्या कशासाठी?"

अधीक्षकांचा आवाज बदलला. "चौकशी लावली तर सगळ्यांचीच निघेल. तुमच्या शेजारणीचे रिपोर्ट तुम्ही उघडले होते. ती काही डायलिसिसची पेशंट नव्हती."

खरं होतं ते. शेजारीण अ‍ॅडमिट झाल्याचं कळलं, म्हणून तिने सहज पाहिलं होतं. पण राग तसूभरही कमी झाला नाही. आता त्यात स्वतःवरचाही मिसळला होता.

"मग बारावं नाव माझं घाला," ती म्हणाली आणि तक्रारीच्या कागदावर ते स्वतःच लिहून तिने सही केली.

चौकशी झाली. बाराही जणांना मेमो मिळाला आणि महिनाभर कॉम्प्युटरवरचं रेकॉर्ड उघडायला बंदी आली. मैत्रिणीची दुसऱ्या इमारतीत बदली झाली. इकडे डायलिसिसमध्ये पेशंटचा साधा रिपोर्ट बघायचा तरी हिला दुसऱ्या परिचारिकेच्या मिनतवाऱ्या कराव्या लागत. "हिच्यामुळे आपल्याला भोगावं लागतंय," असं लोक तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलत. कॅन्टीनमध्ये ती बसली की टेबल रिकामं होई. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, तसलाच प्रकार. तरीही तिने तक्रार मागे घेतली नाही.

महिना संपायच्या आत एका संध्याकाळी ती शेजारणीकडे गेली आणि तिचे रिपोर्ट उघडून पाहिल्याचं सगळं सांगून टाकलं. शेजारणीने दारातच उभं राहून ऐकून घेतलं.

"आणखी कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही."

"बरं," शेजारीण म्हणाली आणि दार लावून घेतलं.

तिला त्याचं वाईट वाटलं, राग मात्र आला नाही. तिच्या जागी आपणही हेच केलं असतं, असं मनाशी म्हणत ती घरी आली.