मरून दार

परीक्षक वेंडेल सॉरेल्स गुडघे टेकून गाडीखाली डोकावला की मालकाला देव आठवायचा. मोहावीच्या वाळवंटातल्या कोरड्या तळ्याकाठी दर वसंतात हॉट रॉडचा मेळा भरायचा, आणि नियम एकच होता: एकोणीसशे बावन्न सालानंतरची एकही वस्तू गाडीवर दिसता कामा नये. जुनी फोर्ड घ्यायची, छत कापून बसकं करायचं, दांडगं इंजिन घालायचं, यात लोकांची वर्षं जात. आणि हा म्हातारा येऊन एका स्क्रूवर बोट ठेवायचा, हा कालचा आहे म्हणायचा, आणि पुढच्या गाडीकडे वळायचा. मग कपाळ बडवून घ्या नाहीतर काहीही करा.

त्यात काळ्या गाडीला एक मरून दार दिसलं की त्याचं डोकंच फिरायचं. यंदा अशा तीन आल्या होत्या. एक्कावन्न साली एका मासिकात काळ्या कूपेचा, म्हणजे दोन दारांच्या गाडीचा, फोटो छापून आला होता, तिचं डावं दार मरून होतं. पोरांना वाटलं, काय झोकदार होते त्या काळचे लोक! तेव्हापासून धडधाकट दारं मरून रंगवायची टूम निघाली ती निघालीच. ती मूळ गाडी वेंडेलची स्वतःची. आणि त्या दारात झोक कसला डोंबलाचा!

झालं होतं असं. वेंडेलचा धाकटा भाऊ क्लीट गाडी फाटकाच्या खांबावर घालून आला. भंगारातून दुसरं दार आणलं, ते निघालं मरून. रविवारी तळ्यावर जायचं, तर शनिवारी मी ते काळं करून ठेवतो, असं क्लीटने कबूल केलं. संध्याकाळी वेंडेल कामावरून आला तर दार जसंच्या तसं, आणि भाऊराया केसांना तेल चोपडून नाचायला गेलेले. त्या रात्री वेंडेल त्याला नको नको ते बोलला. रविवारी फोटोवाल्याने नेमकी तीच बाजू टिपली. ते भांडण निवायच्या आत क्लीटला लष्कराचं बोलावणं आलं, तो कोरियाला गेला आणि परत आला नाही.

वेंडेलने त्या दाराला हात लावला नाही. तो रंग क्लीटने लावायचा होता. दार उघडता-मिटताना आत काहीतरी खडखडायचं, त्याचाही त्याला वैताग यायचा. शेवटी त्याने गाडी मिळेल त्या भावात विकून टाकली. भाऊ गेल्याचं दुःख होतंच, पण आपल्या साध्या शब्दालाही तो जागला नाही ही अढी दुःखाहून चिवट निघाली. मेलेल्या माणसावर अजून राग आहे याची त्याला लाज वाटायची, आणि तरी राग होताच.

दुपारी इनेस बराहास आपली कूपे घेऊन आली. बेकर्सफील्डला तिचं गॅरेज होतं. गाडी एका पडक्या गोठ्यात मिळाली असं ती म्हणाली. वेंडेल वाकला, आणि वाकलेलाच राहिला. चॅसीला एका ठिकाणी वेल्डिंगचा गचाळ डाग होता. तो त्याच्याच हातचा होता. असा गचाळपणा मुद्दाम कुणाला जमणार?

गाडी तीच होती. फक्त डावं दार काळं होतं.

मुख्य परीक्षक हार्लन फॉस याने मासिकातल्या फोटोशी गाडी ताडून पाहिली आणि बाईंना झापायला सुरुवात केली. वेंडेलच्या गाडीचं अख्ख्या देशाला माहीत असलेलं दार, आणि तुम्ही त्यावर काळा फासलात? निदान पुन्हा मरून करून आणा, मग बक्षीस तुमचंच. हमरीतुमरीवर यावी अशी बाई नव्हती ती. मग ती वेंडेलकडे वळली.

"दार मी सुटं केलं होतं, साहेब. बिजागरीकडची कड घासलेली निघाली. पत्रा दिसेपर्यंत, अगदी निगुतीने. कुणीतरी रंगवायला घेतलं होतं."

वेंडेल म्हणाला, दार भंगारातलं होतं, कुणीही घासलं असेल. आधी कडा घासायच्या आणि मग दर्शनी भाग, ही पद्धत क्लीटची होती, पण ते तो बोलला नाही. इनेसने खिशातून लाकडाचा एक चपटा ठोकळा काढला. त्याला पॉलिश पेपर गुंडाळलेला होता. दाराच्या पोकळीत तळाशी पडला होता, म्हणाली. घासताना काचेच्या फटीतून निसटला असणार, आणि आतला पत्रा उघडल्याशिवाय तो निघत नाही.

ठोकळ्याची उजवी कड झिजली होती. क्लीट डावखुरा होता, आणि त्याचे ठोकळे नेहमी त्याच कडेला झिजायचे. वेंडेलने तो हातात घेतला. अंगठ्यासाठी वर चाकूने खाच पाडली होती. क्लीटने ती खाच पाडली तेव्हा वेंडेल शेजारी बसलेला होता.

म्हणजे पोरगं कामाला बसलं होतं. ठोकळा आत पडला, हात पोचेना, तेवढ्यात नाचाची वेळ झाली. गेलाच शेवटी नाचायला, लबाड! पण बसलं होतं. आणि त्या रात्री शिव्या खाताना एका शब्दाने बोललं नाही.

"मी अर्धवट काम पुरं केलं, एवढंच," इनेस म्हणाली. "चुकलं असेल तर खरवडून पुन्हा मरून करते."

"हात लावू नकोस त्याला, पोरी," वेंडेल म्हणाला.

हार्लनने घसा खाकरला. "अरे वेंडेल, नियम तुझाच आहे, आणि हा काळा रंग बावन्ननंतरचा. काय लिहू?"

"लिही, दाराचा रंग चूक. बक्षीस नाही."

इनेसने मान डोलावली, हे तिला अपेक्षितच होतं. वेंडेल मात्र हलला नाही. त्याने तिला काच खाली घ्यायला सांगितली. मग ठोकळा एकदा मुठीत घट्ट धरला, काचेच्या फटीवर नेला आणि सोडून दिला. आत टक् करून वाजलं. त्याने दार उघडलं आणि मिटलं. खडखड झाली.

"आता पुढे लिही," तो हार्लनला म्हणाला. "आवाज बरोबर."

मागे गाड्यांची रांग लागली होती आणि कुणीतरी भोंगा वाजवत होतं. वेंडेलने दार परत एकदा उघडलं.