फायनलच्या रविवारी मी कुठे बसायचं

गुरुवारी संध्याकाळी क्लबच्या कँटीनमध्ये आम्ही नेहमीचे चौघे बसलो होतो. नळकाम करणारा चिचे, औषधाच्या दुकानाचा ओस्वाल्दो, न्हावी बासिलिओ आणि मी, एवारिस्तो. गावच्या पिठाच्या गिरणीत मी एकतीस वर्षं पोती वजन केली, आता निवृत्त आहे. रविवारी आमच्या मोलिनेरोची, म्हणजे गिरणीवाल्यांच्या फुटबॉल क्लबची, रिबेराशी फायनल होती, नदीपलीकडे, रिबेराच्या मैदानावर. बाहेरगावच्या प्रेक्षकांना तिथे घेत नाहीत, म्हणून सगळा क्लब कँटीनच्या टीव्हीसमोर बसणार होता. मोलिनेरो बावीस वर्षांनी फायनलला पोचलं होतं. गावात कुणाचंच डोकं ठिकाणावर नव्हतं.

बासिलिओ तेवढा नदीपलीकडचा, जन्माचा रिबेरावाला. चाळीस वर्षं आमच्यात बसतो आणि चाळीस वर्षं आमच्या शिव्या खातो.

"तुमच्या गोलकीपरचा गुडघा बघितलात का?" त्याने सुरुवात केली. "परवा केस कापायला आला होता. खुर्चीवर चढवायला मला हात द्यावा लागला."

"त्याच गुडघ्यावर सात मॅचमध्ये दोन गोल खाल्लेत त्याने," ओस्वाल्दो म्हणाला. "तू तुमच्या डाव्या विंगरचं बघ. पळतो झकास, फक्त बॉल मागे विसरतो."

"विसरतो? सेमीफायनलला तीन घातले त्याने!"

"त्यातला एक हाताने."

"पंचाने दिला ना? मग गोल. तू काय पंचापेक्षा शहाणा?"

"पंचापेक्षा तर माझं मांजर शहाणं आहे."

मग मीही तोंड घातलं. मैदान त्यांचं अरुंद आहे, लांब पास देऊन भागणार नाही, मधल्या फळीने जागा सोडली नाही तर कप आपलाच, असं काहीबाही बोललो. बोलता बोलता लक्षात आलं की कुणी मला उत्तर देत नाहीये. ओस्वाल्दो वर्मूत वाइनच्या ग्लासात सोडा ओतत बसला होता. चिचे शेंगदाणे सोलत होता, आणि सोललेले खात नव्हता. चिचे आणि न खाणं? मला तेव्हाच समजायला हवं होतं.

"एवारिस्तो, राजा, राग मानू नकोस," तो म्हणाला आणि खिशातून घडी घातलेला कागद काढला. "मी फक्त आपल्या मॅचेस मांडून बघितल्या. मार्च ते जून तू इथे होतास. चार हरलो. जुलै ते सप्टेंबर तू नव्हतास. नऊ मॅच, सात जिंकल्या, दोन बरोबरीत."

जुलै ते सप्टेंबर मी इस्पितळात होतो, आयदेच्या उशाशी. आयदे माझी बायको. तिला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नसे. पण मी रेडिओ कानाशी धरून बसलो की ती डोळे मिटल्या मिटल्या विचारायची, "जिंकले का तुझे पीठवाले?" जिंकले म्हटलं की म्हणायची, "बरं झालं, आता जेवशील तरी." सप्टेंबरच्या शेवटी ती गेली.

"ऑक्टोबरमध्ये तू परत आलास," चिचे कागदावर बोट ठेवून म्हणाला. "दोन हरलो. सेमीफायनलच्या दिवशी आयदेसाठी चर्चमध्ये प्रार्थना होती, तू आला नाहीस. जिंकलो. आता तूच सांग, मी काय समजायचं?"

"म्हणजे मी पांढऱ्या पायाचा."

"असं कोण म्हणतंय! आम्ही म्हणतो, रविवारी तू घरी ऐक. बास. एक रविवार."

"मी म्हणतो, येऊ दे त्याला!" बासिलिओ टेबलावर थाप मारून ओरडला. "एवारिस्तो, तू पहिल्या रांगेत बस. तुझं वर्मूत माझ्याकडून!"

सगळे हसले. मीही हसलो. पण आतून तोंडात मारल्यासारखं झालं. मी रविवारी यावं असं त्या टेबलावर एकालाच वाटत होतं, आणि तो रिबेराचा होता.

भांडायची सोय नव्हती, कारण आम्ही सगळेच असे. मोलिनेरो जिंकत असलं की मी शर्ट धूत नाही. सहा वर्षांपूर्वी ओस्वाल्दोचा मेहुणा पाहुणा म्हणून आला आणि आम्ही लागोपाठ तीन मॅच हरलो, तेव्हा "याला उठवा" म्हणणारा मीच होतो. तो बिचारा तेव्हापासून घरीच बघतो. रस्त्यात भेटला की हसून हात करतो. त्याला कसं वाटत असेल, हे मला कधी विचारावंसंही वाटलं नव्हतं.

त्यांना कसं सांगायचं की मला फायनलचं एवढं नाहीच, मला रविवारचं आहे. बाकीचे दिवस निघतात. बाजार असतो, बँक असते, शेजारणीचा नळ गळतो. रविवारी दुकानं बंद, रस्ते ओस, आणि घरात माझ्याच चपलांचा आवाज. कँटीनमधली ती खुर्ची आहे म्हणून माझा रविवार सरतो आणि सोमवार उजाडतो. हे मी बोललो नाही. "ठीक आहे," म्हणालो. चिचेने माझ्या पाठीवर इतक्या मायेने हात फिरवला की मला त्याचा रागही धड येईना.

बाहेर पडल्यावर बासिलिओने मला गाठलं. "आम्ही रिबेरावाले माझ्या दुकानात बसणार आहोत. सातआठ जण. ये तू. कुणी काही म्हणणार नाही."

"मी? रिबेरावाल्यांत? त्यापेक्षा नदीत उडी टाकेन."

"अरे, माणसांत बसशील म्हणून म्हटलं," तो म्हणाला. मी घराकडे वळलो.

रविवारी सवयीने दोघांचा पास्ता मळला गेला. अर्धा खाल्ला, अर्धा झाकून ठेवला. उन्हाने पत्रा तापला होता, म्हणून खिडकी सताड उघडली. कँटीन तीन गल्ल्या पलीकडे आहे, तिथला गोंधळ स्पष्ट ऐकू येत होता. 'माते'चा कडवट पाल्याचा चहा भांड्यात भरून घेतला आणि रेडिओ लावला.

विसाव्या मिनिटाला आम्ही गोल केला. मी ताडकन उठलो, मिठी मारायला दोन्ही हात पसरले, आणि समोर फ्रिज. बाहेर सगळं शांत. टीव्हीवरचं चित्र रेडिओच्या मागे चालतं, हे मला तेव्हा कळलं. त्या सातआठ सेकंदांत गावात आनंद झालेला मी एकटाच होतो. मग कँटीनमधून आरोळी उठली, पण तोवर मी खाली बसलो होतो.

उत्तरार्धात डोक्यात एक विचार शिरला, तो काही केल्या हलेना. आज जिंकलो, तर चिचेचा कागद खरा ठरणार. हा एक रविवार राहणार नाही. मग सगळेच रविवार माझे असेच. हरलो, तर मात्र चिचे सोमवारी कान धरून येईल, म्हणेल, चुकलं, चल बस.

शेवटच्या मिनिटाला रिबेराला पेनल्टी मिळाली. गोल झाला तर बरोबरी, मग काहीही होऊ शकत होतं. निवेदकाचा आवाज चिरकला. मी उठून टेबलाची कड धरली, आणि साठ वर्षं मोलिनेरोचा शर्ट घालणारा मी मनात म्हणालो, घाल रे मेल्या, घाल. एकदा नाही, तीनदा म्हणालो. स्वतःची किळस आली, तरी म्हणालो.

आमच्या गोलकीपरने त्या दुखऱ्या गुडघ्यावर झेप घेऊन बॉल बाहेर काढला. बावीस वर्षांनी कप आमचा. मी रेडिओ बंद केला. मग गाव फुटल्यासारखं ओरडलं.

अर्ध्या तासात ढोल माझ्या दारात. चिचे रडत होता. त्याने मला मिठीत उचललं, ओस्वाल्दोने खांद्यावर झेंडा टाकला, रस्त्यावरचे लोक माझ्या नावाने ओरडू लागले. "हा कप तुझा, म्हाताऱ्या! तू जिंकवलास!"

मग चिचेने नाक पुसलं, ढोलवाल्यांना गप्प केलं आणि खिशातून पेन काढलं. फेब्रुवारीत प्रांताची स्पर्धा सुरू होणार होती, तेव्हा सगळं जसंच्या तसं करायला हवं.

"पेनल्टीच्या वेळी कुठे होतास? नीट आठवून सांग."

"टेबलाशी. उभा."

"मनात काय म्हणत होतास?"

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. "दुसरं काय म्हणणार? वाचव रे, म्हणत होतो."

"छान. सोबत कोण होतं?"

"कोणी नाही."

"नक्की? शेजारीण वगैरे डोकावली नाही ना?"

"कोणी नाही, चिचे."

"मग यापुढेही कोणी असता कामा नये," असं म्हणत त्याने ते लिहून घेतलं आणि माझ्या कपाळाचा मुका घेतला.