कुलूपवाला

अ‍ॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर आणि त्याचा पॅरामेडिक बारा वर्षं एकाच गाडीवर होते, आणि बारा वर्षं दोघांचं एकाच गोष्टीवरून वाजायचं. एकटं राहणारं माणूस असलं, की त्याला गाडीत नीट झोपवून हा पॅरामेडिक बाबा परत जिना चढायचा! गॅस बघायचा, नळ बघायचा, दाराला कुलूप घालायचं आणि चावी पेशंटच्या मुठीत द्यायची. "धरा घट्ट. परत येऊन तुम्हालाच उघडायचंय."

"अरे कुलूपवाल्या, चल की!" ड्रायव्हर खेकसायचा. तो आपला हसायचा. खरं तर चावी हातात आली की रडणारं माणूस शांत व्हायचं, हे ड्रायव्हरनेही पाहिलं होतं. पण कबूल कोण करणार?

मग एका मंगळवारी, त्याच्या सुट्टीच्या दिवशी, कॉल आला तो कुलूपवाल्याच्याच घरून. तोही एकटाच राहायचा; शेजारच्या काकूंनी फोन केला होता. ड्रायव्हरने त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा स्वतः गॅस बघितला, कुलूप घातलं आणि घाईघाईत चावी आपल्याच खिशात टाकली. गाडीत कुलूपवाल्याने तळवा उघडून हात पुढे केला. बोलता येत नव्हतं. ड्रायव्हरने तो हात दाबला, "काही होत नाही रे तुला," म्हणाला आणि गाडी सुसाट सोडली. वाटेतच सगळं आटोपलं.

घरी शर्ट काढताना चावी हाताला लागली. ती मुठीत धरून तो रात्रभर तसाच बसून राहिला.

कुलूपवाल्याच्या बहिणीने दोनदा चावी मागितली. "उद्या आणतो, ताई." तीन आठवडे झाले, तो उद्या काही उजाडेना. नवी पॅरामेडिक कामाला चोख होती, पण बोलणं कामापुरतं. दुपारी तो गाडीच्या पायरीवर एकटाच डबा खायचा, शेजारी एका माणसाची जागा सोडून. भांडायलासुद्धा आपलं माणूस लागतं हो.

काल एकट्याच राहणाऱ्या एक आजी घरात पडल्या. त्यांना गाडीत घेतलं, नवी म्हणाली, "काका, निघा." त्याने गिअर टाकला, आणि पुन्हा काढला. धापा टाकत जिना चढला. गॅसवर दूध उतू जात होतं. गॅस बंद केला, कुलूप घातलं, खाली येऊन चावी आजींच्या मुठीत दिली.

"धरा घट्ट. परत येऊन तुम्हालाच उघडायचंय."

"येईन ना रे मी?"

"येणार म्हणजे काय! चावी तुमच्याकडे, मग दुसरं कोण उघडणार?"

आजींनी मूठ आवळली आणि डोळे मिटले.

ड्यूटी संपल्यावर तो तडक बहिणीकडे गेला. चावी तिच्या हातावर ठेवली, पण त्याची बोटं काही सुटेनात.

"ताई, ही त्याने मागितली होती माझ्याकडे," तो म्हणाला. "मी नुसता हात दिला."