सांगावा

पुस्तकाच्या पानांच्या बेचक्यात मिलोचा, रेशनवरच्या परदेशी ज्वारीचा, एक लाल दाणा अडकला होता. मंजुळानं तो नखानं काढला, तरी त्याचा खळगा त्या ओळीवर राहिलाच — जिथं गोष्टीतला शिपाई, पृथ्वीपासून लांब, कुठल्याशा गोठलेल्या ग्रहावर एकटाच तोफ डागत बसला होता. तह होऊन कैक वर्षं लोटली होती. पण सांगावा त्याच्यापर्यंत पोचलाच नव्हता. सोसायटीत धान्याच्या रांगेत असताना तिथल्या कपाटातून तिनं हे पुस्तक आणलं होतं, सातवी झाल्यापासून हाती आलेलं पहिलंच, आणि दुष्काळी कामावर जेवणाच्या सुट्टीत ती ते चोरून वाचायची.

शेजारी तिचा नवरा, त्रिंबक, भाकरी खात होता — पाठ बाभळीला, नजर सतत फिरती. एकाहत्तरच्या लढाईतून तो धडधाकट परतला, असं सगळं चकलांबा गाव म्हणायचं. हात, पाय, डोळे... सगळं जाग्यावर. मग घरात शिरताना तो उंबऱ्याशी थांबून आधी कोपरे का बघतो, लेकीनं मागून हाक मारली की भिंतीला का चिकटतो — हे काय आहे, ते तिला कधी सांगता आलं नव्हतं. आज त्या ओळीवर बोट ठेवून ती थिजली. ह्यांनाही कुणी सांगितलंच नसेल तर...

तेवढ्यात खोदकाम चाललेल्या तलावाच्या खडकात सुरुंग उडाला.

काय झालं ते कळायच्या आत ती मातीत पालथी होती. वर त्रिंबक — सबंध अंगानं तिला झाकून. त्याचं काळीज तिच्या पाठीवर धडधडत होतं.

"फौजी भ्याला बे!" मुकादम धोंडीराम ओरडला. बाया पदर तोंडाला लावून हसल्या.

त्रिंबक हलला नाही.

"अवो," ती मातीतूनच पुटपुटली, "लढाई सपली. कवाच सपली."

"तुला कुनी सांगितलं?"

अगदी हळू विचारलं त्यानं, रागानं नाही. जणू खरंच जाणून घ्यायचं होतं. तिनं तोंड उघडलं. पंचायतीचा रेडिओ... त्या दिवशी गावभर वाटलेले पेढे... पण तेव्हा ती इथं होती, चुलीपाशी. तिथं तर तो होता.

धूळ बसू लागली, बाया टोपल्या उचलू लागल्या. उठायला हवं होतं. मंजुळा उठली नाही. त्याच्या दंडाखालून दिसणाऱ्या उघड्या माळावर काहीच नव्हतं, वाळलेलं गवतसुद्धा... तरी तिनं श्वास रोखला आणि पहिल्यांदाच, त्याच्यासोबत, कान देऊन ऐकू लागली.